हेलिकॉप्टरची अर्धी प्रदक्षिणा

मला दुभाषी व्हायचं आहे का, असं कुणी विचारलंच नाही. साखर कारखान्याच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचे आणि आमचे हे कारखान्यात शेतकी अधिकारी होते. म्हणजे उसाचं जे काही बरंवाईट होईल ते यांच्या डोक्यावर. एका दुपारी हे जेवायला आले आणि हात धुता धुता म्हणाले, "उद्यापासून तुला शाळा नाही. हेडमास्तरांशी बोललोय. फ्रान्सहून एक साहेब येतोय. त्याचं इंग्रजी आम्हाला आणि आमचं मराठी त्याला तू सांगायचंस."

"फ्रान्समध्ये फ्रेंच बोलतात," मी म्हटलं.

"मग त्याचं इंग्रजी तुझ्या नववीतल्या पोरांसारखंच असणार. तुला सवय आहे," असं म्हणून हे ताटावर बसले. मी भाकरी जरा आदळूनच वाढली.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पावसानं आधीच ओढ दिली होती, पण आमचं गाव नेवासे तालुक्यात, कालव्याच्या काठाला. त्यामुळे ऊस डोक्यावर गेला होता. आणि त्या उसावर पाकोळी पडली. पाकोळी म्हणजे वाळल्या गवताच्या रंगाचा, पुढं चोच काढलेला एवढासा किडा. पानातला रस पितो आणि वर चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काजळी धरते आणि हिरवं रान चुलीमागच्या भिंतीसारखं काळं पडतं. पाठीवर पंप घेऊन माणूस एवढ्या दाट उसात शिरणार कसा? तेव्हा वरून, हेलिकॉप्टरनं औषध फवारायचं ठरलं. आमचा घरचा ऊसही त्या काळवंडलेल्या उसात होता.

हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी फ्रान्सची, उडवायची परवानगी देणारं सरकार आपलं आणि ऊस कारखान्याच्या सभासदांचा. तिघांनी मिळून आधी सुरक्षेचे नियम करायचे आणि मगच उडायचं, असं वर कुठेतरी ठरलं होतं. आपलं यंत्र आपल्याकडच्यासारख्या गर्दीच्या मुलखात कसं वापरावं, हे कंपनीला शिकायचं होतं. आमच्याकडे जमलं की तेच नियम राज्यभर लावायचे, असं सरकारच्या मनात होतं. आमच्या चेअरमनसाहेबांच्या मनात हार घालायचा होता.

बैठक कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये भरली. एका बाजूला कंपनीचा सुरक्षेचा इंजिनियर, म्हणजे आमचा फ्रेंच साहेब. उंच, बाह्या दुमडलेला, नगरच्या उन्हानं दोन दिवसांत लालबुंद झालेला. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले सरकारी अधिकारी, टाय लावलेले, पुढ्यात नियमांचं जाड पुस्तक. तिसऱ्या बाजूला खांद्यावर उपरणं टाकलेले चेअरमनसाहेब. मधे मी.

साहेबानं सुरुवात केली. "पंखा फिरत असताना आखलेल्या रेषेच्या आत कुणीही यायचं नाही."

मी ते मराठीत सांगितलं. चेअरमननी मान डोलावली. "अगदी बरोबर. फक्त स्वागत समिती येईल."

स्वागत समितीत किती माणसं, असं साहेबानं विचारलं. चेअरमन बोटं मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर ते म्हणाले, "शिवाय बँड."

अधिकाऱ्यांनी पुस्तक उघडून सांगितलं की चुन्याचं वर्तुळ, वाळूच्या बादल्या आणि एक शिपाई एवढं नियमात आहे. शिपायानं नेमकं काय करायचं, असं साहेबानं विचारलं. अधिकाऱ्यांनी पान उलटून पाहिलं, मागचं पान पाहिलं आणि म्हणाले, "तो हजर राहील."

मग घासाघीस सुरू झाली. हार एकच, तोही पंखा पूर्ण थांबल्यावर. नारळ रेषेच्या बाहेर. बँडनं पाठ करून बसायचं. या सगळ्यावर चेअरमन एकेक पाऊल मागं सरकत होते, पण गुलालावर मात्र अडून बसले. "गुलालाशिवाय स्वागत म्हणजे सुतक वाटतं," ते म्हणाले. गुलाल म्हणजे काय ते मी साहेबाला सांगितलं. इंजिनात मूठ मूठ लाल भुकटी जाणार, या विचारानं तो एवढा पांढरा पडला की चेअरमनना त्याची दया आली. "राहू द्या, राहू द्या. पाणी द्या त्याला," ते म्हणाले. दोन देशांत झालेली ही पहिली तडजोड. तिचं श्रेय मला कुणी दिलं नाही ते नाहीच.

शेवटी धुळीचा प्रश्न निघाला. पंख्याच्या वाऱ्यानं धूळ उठते आणि उतरताना पायलटला जमीनच दिसत नाही, असं साहेब म्हणाला. त्यावर आमचे हे पहिल्यांदाच बोलले. "खळं करू."

मळणीसाठी खळं करतात तसं. जमीन भिजवायची, बैल फिरवून ती घट्ट करायची आणि वर शेणानं सारवायचं. श्रावणात खळं चाललेलं पाहून गावातली म्हातारी माणसं येऊन विचारायची, "काय मळायचं काढलंय?" पण काम झाल्यावर साहेबानं त्या जमिनीवर गुडघे टेकून हात फिरवला, जोरात फुंकर मारून पाहिली, आणि धुळीचा कण उडाला नाही म्हणून यांच्या पाठीवर थाप मारली. हे दिवसभर त्याच तोऱ्यात होते.

पण खळ्याचं एक आहे. खळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. लक्ष्मी असते तिथं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

हेलिकॉप्टर यायच्या दिवशी पंचक्रोशी लोटली. सोनईच्या बाजाराला निघालेली माणसं बाजार सोडून इकडं वळली. आणि रेषेपाशी आल्यावर एकेकानं शहाण्यासारखी चप्पल काढून चुन्याच्या कडेला नीट लावून ठेवली. कोल्हापुरी, टायरच्या, कुरकुरणारे जोडे, सगळं ओळीनं. शिपाई नियमाप्रमाणे हजर होता, तोही अनवाणी. त्याचे बूट ओळीत पहिले. साहेबानं ते पाहिलं, पण त्याला वाटलं ही इथल्या लोकांची श्रद्धा असेल. मला तर शंकाही आली नाही. मीही माझ्या चपला तिथंच काढल्या होत्या.

हेलिकॉप्टर खाली यायला लागलं तशा चपला उठल्या. आधी हलक्या, मग टायरच्या, मग जोडे. त्यांच्या मागोमाग टोप्या उठल्या, अधिकाऱ्यांचे कागद उठले, चेअरमनचं उपरणं झाडावर जाऊन बसलं. बँड पाठ करून बसला होता, त्यामुळे त्यांना कळेना की आपल्या पाठीत जोडे कोण मारतंय. साहेब दोन्ही हात हलवत ओरडत होता, पण त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. यंत्र कसंबसं टेकलं. आणि पंखा अजून गरगरत असतानाच निम्मा गाव हर्षानं आत धावला. कुणी स्वागताला, कुणी चपला गोळा करायला. सगळेच्या सगळे मागच्या बाजूनं.

हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक छोटा पंखा असतो. फिरत असताना तो दिसत नाही. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो आणि मोठ्या पंख्याच्या आवाजात त्याचा आवाज कळत नाही. साहेब हात पसरून गर्दीला आडवा गेला, पायलटनं इंजिन बंद केलं, आणि देवाची कृपा म्हणून त्या पंख्याला फक्त एक चप्पल लागली. सुरीनं काकडी कापावी तसे तिचे दोन तुकडे झाले. साहेबानं ते दोन तुकडे दोन हातांत धरून वर केले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "माजी हाय ती."

संध्याकाळी गेस्ट हाउसच्या ओसरीवर साहेब आम्हा दोघांशी बोलला. त्याचा एक मित्र होता, त्याच्याच कंपनीत, त्याच कामावर. नियम लिहिणाऱ्यांत तोही होता. एका सकाळी पायलटशी थट्टामस्करी करून तो हसत हसत वळला आणि सरळ शेपटीकडे चालत गेला. "त्याला सगळं ठाऊक होतं," साहेब म्हणाला. "ठाऊक होतं म्हणूनच त्यानं पाहिलं नाही." मग म्हणाला, "पुन्हा एक जरी माणूस रेषेच्या आत आला तर मी यंत्र घेऊन परत जाईन. तुमचा ऊस गेला तर मला वाईट वाटेल. पण पुन्हा ते बघायची माझी ताकद नाही."

हे उठून आत गेले. यांचा चेहरा मला पाहवेना. साहेब गेला तर पाकोळी रान खाणार, आणि साहेब राहिला तर गाव पंख्यात जाणार. यांना दोन्हीकडून झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर गाव जमवला. साहेबानं हेलिकॉप्टरचं मोठं चित्र आणलं होतं. त्यात मागच्या बाजूला तांबड्या रंगानं फुली मारलेली होती. मी घसा फोडून सांगितलं की मागून जायचं नाही, पुढून जायचं, पायलटच्या नजरेसमोरून.

एक शेतकरी उभा राहिला. "बाई, म्होरनं कसं जायाचं? शिंगं म्होरं आस्त्यात."

"याला शिंगं नाहीत!"

"नसूंद्या. पन बैलगाडीत मानूस चढतो ते मागनं. म्होरनं चढला तर बैल बुजतो. आमी काय इसरभोळे हाय व्हय? आमी नीट मागनंच जात हुतो."

आणि मला पहिल्यांदा उलगडा झाला. गावानं बेशिस्तपणा केलाच नव्हता. जनावराशी आणि गाडीशी जसं वागायचं, अगदी तसंच जपून सगळे वागले होते. मी ते साहेबाला सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. त्याच्या पुस्तकात माणसं अडाणीपणानं मागून जातात असं होतं. सावधपणानं जातात असं कुठेच नव्हतं.

"फिरताना तो पंखा दिसत नाही," मी पुन्हा बजावलं.

"दिसत न्हाई त्याला काय भ्यायचं?" एकजण म्हणाला.

"मंग भुताला कशाला भितूस?" शेजारचा म्हणाला, आणि सभा हसण्यावारी गेली. शेवटी सगळ्यांनी "व्हय व्हय, न्हाई जानार" असं एका सुरात कबूल केलं. मास्तरीण आहे मी. वर्गानं एका सुरात दिलेल्या होकाराचा अर्थ मला चांगला कळतो.

माझ्या जिवाला खरा घोर होता तो घरात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर मिरजगावचं, कोरड्या रानातलं. डोक्यावर गेलेला ऊस त्यांना लेकरासारखा होता. तो काळा पडलेला पाहून त्यांनी नवस बोलून टाकला होता: पाकोळी गेली तर या इमानाला, म्हणजे हेलिकॉप्टरला, भाकरतुकडा ओवाळीन आणि पाच प्रदक्षिणा घालीन. आणि आत्याबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. पंखा थांबायची वाट त्या पाहतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भर लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवायला बसवा म्हणणारी बाई ती.

दोन दिवस मी त्यांना समजावलं. रेषा सांगितली, मीटर सांगितले, कापलेली चप्पल सांगितली. त्या सुपारी कातरत म्हणायच्या, "मी काय चप्पल हाय व्हय?"

श्रावणी सोमवार आला. महादेवाच्या देवळातून आम्ही दोघी परत आलो आणि त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या पुन्हा म्हणाल्या, "उंद्या इमान उडून खाली आलं की एक तरी फेरी मारून घिते. देवाचं उधार बरं न्हाई." माझं डोकं फिरलं. मी हातातला तांब्या दाणकन ठेवला.

"आत्ता महादेवाला पुरी प्रदक्षिणा घातलीत का?"

"पुरी कशी घालीन? पन्हळ न्हाई का मधी?"

महादेवाच्या पिंडीची पन्हळ, जिच्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर जातं, ती कुणी ओलांडत नाही. तिथपर्यंत जायचं, परत फिरायचं आणि आल्या वाटेनं यायचं. "का नाही ओलांडलीत?" मी ओरडले. "रेषा होती तिथं? शिपाई होता? नाही ना? मग ह्या हेलिकॉप्टरची शेपटी म्हणजे पन्हळ समजा! तोंड पुढं, गोल, आणि मागं लांब पन्हळ! ओलांडाल तर महादेव बघून घेईल!"

मी रागाच्या भरात बोलून गेले होते. आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी जमिनीवर बोटानं एक गोल काढला आणि त्याला शेपूट काढली.

"आसं हाय व्हय त्ये," त्या म्हणाल्या. "मंग आदी का न्हाई सांगितलं? मेटर मेटर काय लावलं हुतंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कालव्यावर धुण्याला गेल्या आणि दुपारपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. कडेच्या वस्त्यांवर पोचली, कारखान्याच्या चाळीत पोचली. बँडचे म्होरके चाचा मुसलमान होते. ते संध्याकाळी मला वाटेत भेटले आणि म्हणाले, "बाई, आमीबी ध्यानात ठिवलंय. नमाज पढनाऱ्याच्या म्होरनं कुनी जात न्हाई. ह्याच्या मागनं जायाचं न्हाई. उलटं हाय एवढंच."

साहेबाला मी भीत भीतच सांगितलं. त्यानं तीनदा विचारलं. म्हणजे गावोगाव अशी एक जागा असते, जी कुणीच ओलांडत नाही? हो. आणि तिथं शिपाई नसतो? नाही. मला दाखवा, तो म्हणाला. आम्ही त्याला देवळात नेलं. बूट काढून, मान वाकवून तो आत गेला आणि आत्याबाईंच्या मागोमाग पन्हळीपर्यंत जाऊन परत फिरला. तिथल्या तिथं त्यानं खिशातून पेन्सिल काढली, हेलिकॉप्टरचं चित्र काढलं आणि पिंडीशेजारी धरून पाहिलं. मग तो एवढा हसला की गुरवानं येऊन विचारलं, "ह्यांना काय झालं?"

अडचण सरकारची झाली. सरकारी पुस्तकात महादेव कसा घालायचा? अधिकाऱ्यांनी पुष्कळ विचार करून एवढंच लिहिलं की शेपटीची बाजू ओलांडू नये, आणि शेजारी आकृती काढली. ती आकृती नगर जिल्ह्यात कुणालाही दाखवा, तो आधी हात जोडेल. चेअरमनना पुढ्यात एक नंदीही बसवायचा होता. तो साहेबानं, अधिकाऱ्यांनी आणि मी मिळून हाणून पाडला. इतकं एकमत आमच्या तिघांचं पुन्हा कधी झालं नाही.

नवे घोटाळे झालेच. आधी नुसतं खळं होतं, आता देऊळही झालं, तेव्हा चपलांचा प्रश्न दुप्पट झाला. शेवटी चपला घरीच ठेवून यायचं ठरलं आणि गाव घरापासून अनवाणी यायला लागला. एका सकाळी हेलिकॉप्टरपुढं बेलपानांचा ढीग निघाला आणि साहेब फ्रेंचमध्ये जे काही बोलला त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही हे बरं झालं. मग सैल कपड्यांची तपासणी सुरू झाली. त्यात अधिकाऱ्यांचा टाय नापास, चेअरमनचं उपरणं नापास, माझी पाचवारी नापास. आत्याबाईंचं काष्ट्याचं नऊवारी लुगडं, पदर खोचलेलं, एकदम पास. त्या दिवशी घरी त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण काम झालं. रोज सकाळी वारा पडलेला असताना हेलिकॉप्टर उठायचं, उसावरून खालून खालून जायचं, औषध संपलं की खळ्यावर येऊन टेकायचं. पंखा फिरत ठेवूनच औषध भरायचं, साहेब आणि त्याची दोन माणसं, पुढच्या बाजूनं. गाव रेषेच्या बाहेर, शेपटीची बाजू पार मोकळी. पाकोळी कमी झाली, पानांवरची काजळी वाळून पोपडे सुटायला लागले. यांना झोप लागायला लागली. साहेबही मोकळा झाला. पिठलं खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा, चाचांच्या बँडवर ताल धरायचा, पोरांच्या टोप्या डोक्यावर घालून हिंडायचा. पहिल्या दिवसांत सारखा मागं वळून पाहणारा तो माणूस हाच, यावर विश्वास बसला नसता.

शेवटच्या दिवशी शेवटची खेप होती. सगळा गाव निरोपाला आला होता. आत्याबाई ताटात भाकरतुकडा घेऊन औषधाच्या पिंपांजवळ रेषेच्या बाहेर उभ्या होत्या. पंखा थांबला की अर्धी प्रदक्षिणा, असा त्यांचा माझ्याशी करार झाला होता. हेलिकॉप्टर टेकलं. साहेब औषधाची लांब रबरी नळी घेऊन आत गेला. नळीला पीळ पडला होता. तो काढायला तो नळी ताणत मागं सरकायला लागला. तोंड आमच्याकडे, पाठ शेपटीकडे.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदम सगळा गाव ओरडायला लागला, "पन्हळ! पन्हळ!" त्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्याला आमचे वर केलेले हात तेवढे दिसत होते. शेवटचा दिवस म्हणून आम्ही त्याला निरोप देतोय असं त्याला वाटलं. तो हसला, एक हात वर करून आम्हाला हलवून दाखवला, आणि आणखी एक पाऊल मागं गेला. हे धावायला निघाले, पण एवढं अंतर कापून कुणी पोचलं नसतं. मी डोळे मिटून घेतले, हे मला आजही आठवतं.

उघडले तेव्हा आत्याबाईंचं ताट खाली पडलं होतं. पिंपाकडची नळी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, पाय रोवले होते आणि विहिरीवरून भरली घागर ओढावी तसा हिसका देत होत्या. पहिल्या हिसक्याला साहेब अडखळला, दुसऱ्याला पुढं तोंडावर सपाट पडला. पायलटनं इंजिन बंद केलं. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला तेव्हा साहेब उठला. नाकाला शेण लागलेलं, हात खरचटलेले, चिडलेला. तो तणतणत पिंपांकडे आला. नळी कुणी ओढली, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि आत्याबाईंनी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

चेअरमन, अधिकारी, शिपाई, सगळे हजर होते. कुणी हललं नाही.

आत्याबाईंनी हात लांब करून शेपटीकडे दाखवलं. तो छोटा पंखा आता थांबला होता आणि स्वच्छ दिसत होता. साहेब वळला. आपण कुठं होतो ते त्यानं पाहिलं. खळ्याच्या सारवणावर त्याच्या बुटांचे मागं मागं जाणारे ठसे होते, तेही पाहिले.

"मेल्या," आत्याबाई म्हणाल्या, "तुज्या आईला आमी कोन्या तोंडानं सांगितलं आसतं?"

साहेबानं गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतात? एरवी मी आत्याबाईंचं बोलणं गाळून, पुसून, निवडून सांगायचे. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं.

तो एका पिंपावर बसला. मग म्हणाला, माझ्या मित्राच्या आईला मीच सांगायला गेलो होतो. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं.

"काय म्हनतोय?" आत्याबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या त्याच्याजवळ गेल्या. "मंग? काय म्हनली ती माउली?"

मी विचारलं. साहेबानं नाकावरचं शेण पुसलं. "तिनं विचारलं, तू जेवलास का," तो म्हणाला. एवढंच मला मराठीत सांगायचं होतं. ते मी सांगितलं.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आन् आज? सकाळधरनं काय खाल्लंय का ह्यानं?"

मी त्याला विचारलं. त्यानं मान हलवली, नाही.

आत्याबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला उठवलं. आमचं घर खळ्याच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूला होतं. पंखा केव्हाच थांबलेला होता. तरी त्या त्याला घेऊन पुढून, सगळा वळसा घालून घराकडे गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही तसेच गेलो.